घरी काय सांगून गेले?

पहिली पाळी संपवून घरी न जाता थेट सभागृहात आलेले माझे श्रोतेहो,

चिंचवडला चापेकरांच्या स्मरणार्थ बोलायला उभे राहायचे आणि सुरुवात जपानपासून करायची, हा आगाऊपणा वाटेल. संयोजकांनाही तो वाटला असावा. विषय कळवल्यावर त्यांचा फोन आला आणि त्यांनी अगदी नम्रपणे विचारले, ‘यात चापेकर येणार आहेत ना?’ येणार आहेत. फक्त त्यांच्याकडे जायला मी आज लांबची वाट धरली आहे. जवळच्या वाटेने आपण इतक्या वेळा गेलो आहोत की दोन्ही बाजूंना काय आहे ते दिसेनासे झाले आहे.

तसा जपान या भागाला परका नाही. चाकणला ब्रिजस्टोनचे टायर बनतात. तुमच्यापैकी निम्म्या लोकांच्या शॉप फ्लोअरवर कायझेनचा फलक असेल आणि ‘फाइव्ह एस’चे ऑडिट म्हटले की पोटात गोळा येत असेल. या शहरात जपानी भाषेच्या परीक्षा देणारी मुलेमुली घरोघरी आहेत. पण आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला जपान वेगळाच माहीत होता. मार्च १९४४ मध्ये मणिपुरात सांगशाकच्या टेकडीवर चौथी मराठा पलटण जपान्यांशी लढली, आणि त्याच मोहिमेत सुभाषबाबूंची आझाद हिंद फौज जपान्यांच्या बाजूने लढत होती. एकाच घरातला एक जण इकडे आणि एक तिकडे असेही होऊ शकले असते. तेव्हा जपान म्हणजे शत्रू की मित्र, या प्रश्नात मी पडत नाही. मला एका मुलाबद्दल बोलायचे आहे. तो गेला तेव्हा २२ वर्षांचा होता.

त्याचे नाव ऱ्योजी उएहारा. नागानो प्रांतातल्या होताकाचा, डोंगरांच्या पायथ्याच्या गावचा. वडील डॉक्टर. घरात तीन मुलगे आणि दोन मुली. हे तीन मुलगे लक्षात ठेवा. थोरले दोघे तोक्योच्या केइओ विद्यापीठातून डॉक्टर झाले आणि सैन्यात गेले, एक लष्करात, एक नौदलात. धाकटा ऱ्योजी त्याच विद्यापीठात अर्थशास्त्र शिकत होता. १९४३ मध्ये सरकारने कॉलेजच्या मुलांना लष्करभरतीतून मिळणारी सूट काढून घेतली. शास्त्र आणि इंजिनीअरिंगच्या मुलांना ती बऱ्याच अंशी राहिली. साहित्य, कायदा, अर्थशास्त्रवाले गेले. (इथे बसलेल्या इंजिनीअरांनी मनात हसून घ्यावे. युद्धाला इंजिनीअर जपून ठेवावे लागतात, तत्त्वज्ञानाची मुले खर्ची घालता येतात.) २१ ऑक्टोबर १९४३ रोजी तोक्योच्या मैदानात पावसात या विद्यार्थ्यांचे संचलन झाले, आणि त्यानंतर लाखभर मुले वह्या मिटून बराकीत गेली.

वर्षभराने, ऑक्टोबर १९४४ मध्ये, लेते आखाताच्या लढाईच्या तोंडावर फिलिपिन्समध्ये व्हाइस अ‍ॅडमिरल ओनिशी यांनी पहिल्या तुकड्या उभ्या केल्या. आपण त्यांना कामिकाझे म्हणतो. बाँब बांधलेले विमान वैमानिकासकट शत्रूच्या जहाजावर नेऊन आदळायचे. युद्ध संपेपर्यंत जवळपास ४,००० वैमानिक असे गेले. क्यूशू बेटाच्या दक्षिण टोकाला चिरान नावाचे चहाच्या मळ्यांचे गाव आहे. तिथल्या लष्करी धावपट्टीवरून १९४५ च्या वसंतात ओकिनावाकडे विमाने उडत. आज तिथे संग्रहालय आहे, १,०३६ जणांचे फोटो आहेत आणि त्यांची पत्रे आहेत. आईला, वडिलांना, धाकट्या बहिणीला, न पाहिलेल्या बाळाला लिहिलेली.

त्या पत्रांपुढे माणसे रडतात. रडणे बरोबरच आहे. पण माझा प्रश्न वेगळा आहे. ही पत्रे कोणासाठी लिहिली होती?

तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला? वर ‘आई’ लिहिले आहे, म्हणजे आईसाठी. पण लिहिणारा आणि आई यांच्यामध्ये एक माणूस बसला होता. पत्रे तपासणारा अधिकारी. प्रत्येक पत्र आधी तो वाचणार, हे लिहिणाऱ्याला माहीत होते. म्हणून पुष्कळ पत्रांतून त्याच त्या वळणाची वाक्ये सापडतात. सम्राटाचे ऋण, देशाची हाक, आईबापांची सेवा राहून गेली त्याबद्दल क्षमा, आणि मी हसत जात आहे. हे सगळे खोटे होते असे मी म्हणत नाही. त्या वयात, त्या हवेत, ते कित्येकांना मनापासून वाटत असेल. पण कोणत्या मुलाला खरेच वाटत होते आणि कोणत्या मुलाने तपासनीसासाठी लिहिले, हे आईला कसे ओळखता येणार? मुलाला निरोप घेऊ दिला होता, पण खरे बोलू दिले नव्हते. हे वाक्य जरा लक्षात असू द्या, पुढे ते उलटे फिरणार आहे.

चिरानमध्ये तोमे तोरिहामा नावाची एक बाई खानावळ चालवायची. वैमानिक मुले तिच्याकडे जेवायला येत आणि तिला आई म्हणत. ही बाई त्यांची पत्रे लष्कराच्या टपालात न टाकता गुपचूप बाहेरून पोस्टात टाकायची. पकडली गेली असती तर काय झाले असते, ते सांगायला नको. मोठमोठे सेनापती, मंत्री, संपादक होते त्या देशात. मुलाचे शब्द आईपर्यंत जसेच्या तसे पोचावेत, एवढे साधे काम करायला खानावळवाली लागली.

आता उएहाराकडे. त्याचा निरोप एका पत्रात मावला नाही, तो तुकड्यातुकड्यांनी झाला. त्याच्याकडे इटालियन तत्त्वज्ञ क्रोचे याच्यावरचे एक पुस्तक होते. त्या पुस्तकाच्या छापील पानांत मधूनमधून एकेका अक्षराभोवती त्याने वर्तुळ केले होते. ती अक्षरे क्रमाने जोडली की एका मुलीला निरोप मिळतो, आणि कधीही न बोललेले प्रेम. ती मुलगी क्षयाने त्याच्या आधीच गेली. दुसरा निरोप शेवटच्या सुट्टीतला. घरच्यांनी पुढे सांगितलेली ही आठवण. गावाबाहेरचा पूल ओलांडून पलीकडे गेल्यावर त्याने मागे वळून निरोपाची हाक मोठ्याने तीनदा दिली. त्या हाकेचा अर्थ आईला कळला. बहिणीला तो म्हणाला होता की मेल्यावर मी यासुकुनीच्या देवळात जाणार नाही. युद्धात मेलेला प्रत्येक सैनिक त्या देवळात देव होतो, तिथे आपण सगळे भेटू, असे तेव्हाच्या मुलांना शिकवलेले असे. हा म्हणाला, मी तिथे नसणार, मला शोधायला तिथे येऊ नका.

आणि तिसरा. उड्डाणाच्या आदल्या रात्री, १० मे १९४५ ला, चिरानमध्ये लष्कराबरोबर आलेल्या ताकागी नावाच्या वार्ताहराने त्याला विचारले, काही लिहून देतोस का? त्याने लिहून दिले. ते टिपण तपासणीच्या चाळणीतून गेले नाही, वार्ताहराच्या खिशातून गेले. त्यात काय आहे? सत्तेच्या जोरावर उभी असलेली राज्ये शेवटी कोसळतात, इटली कोसळली, जर्मनी कोसळली. माणसाची स्वातंत्र्याची ओढ मारता येत नाही. असे सगळे त्याने जपानी लष्कराच्या धावपट्टीवर बसून लिहिले. स्वतःबद्दल लिहिले की विमानातला वैमानिक हा यंत्राचाच एक भाग, त्याला ना विचार ना भावना. असेंब्ली लाइनवर आठ-आठ तास उभे राहणाऱ्या माणसांना ही ओळ समजावून सांगण्याची गरज नाही. दुसऱ्या दिवशी, ११ मे रोजी, तो ओकिनावाच्या समुद्रावर गेला. १९४९ मध्ये युद्धात गेलेल्या विद्यार्थ्यांच्या लेखनाचे पुस्तक जपानात निघाले आणि खूप गाजले, तेव्हा हे टिपण त्यात अगदी सुरुवातीला छापले गेले.

थोरले दोघेही परत आले नाहीत. एक पाणबुडीबरोबर १९४३ मध्ये गेला होता. दुसरा युद्ध संपल्यावर ब्रह्मदेशात आजाराने गेला. डॉक्टर उएहारांच्या घरी तीन मुलगे होते, १९४५ च्या अखेरीस एकही नव्हता.

मी जपानला का गेलो, ते आता तुमच्या ध्यानात आले असेल. तीन मुलगे असलेले, तिन्ही गेलेले आणखी एक घर आपल्याला माहीत आहे. इथून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर.

चापेकरांचे घर कीर्तनकारांचे. आजोबा विनायकराव एकेकाळी चांगले संपन्न. धंद्यात खोट बसली आणि वैभव गेले. वडील हरिभाऊ कीर्तनाकडे वळले. साथीदारांना बिदागी देण्याची ऐपत नव्हती, म्हणून त्यांनी मुलांनाच साथीला उभे केले. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव, तिघेही वडिलांच्या मागे उभे राहून मोठे झाले. रात्ररात्र आख्याने ऐकायची, गावोगाव फिरायचे. विचार करा, या मुलांनी लहानपणापासून किती निरोप ऐकले असतील! कीर्तनातल्या आख्यानात निरोप कसा रंगतो, ते तुम्हाला माहीत आहे. बुवा थांबतात, पेटी हलकी होते, बायका पदर डोळ्याला लावतात. ज्या मुलांचे अर्धे आयुष्य दुसऱ्यांच्या निरोपाला साथ करण्यात गेले, त्यांच्या स्वतःच्या निरोपाचे काय झाले?

१८९७ साल आपल्याला पाठ आहे, म्हणून भरभर जातो. पुण्यात प्लेग. फेब्रुवारीत साथरोगाचा कायदा. वॉल्टर चार्ल्स रँड प्लेग कमिटीचा प्रमुख. हा आधी साताऱ्याकडे होता आणि वाईच्या वाद्यांच्या प्रकरणात लोकांना तुरुंगात घालून त्याने नाव मिळवले होते. घरोघर गोऱ्या सोजिरांच्या झडत्या, माणसांना उचलून छावण्यांत नेणे, देवघरात बूट. (त्याच साथीत १० मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या, प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना. एकाच शहरात, एकाच हंगामात, एकाच रोगाला माणसे किती वेगवेगळ्या तऱ्हांनी सामोरी गेली! यावर कोणीतरी स्वतंत्र व्याख्यान द्यायला हवे, आज माझ्याकडे तेवढा वेळ नाही.) २२ जून १८९७, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव. गणेशखिंडीच्या राजभवनावरून परतताना रँडवर आणि लेफ्टनंट आयर्स्टवर गोळ्या झाल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. सरकारने २०,००० रुपयांचे बक्षीस लावले. द्रविड बंधूंनी माहिती दिली, दामोदरपंत पकडले गेले, आणि १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यात त्यांना फाशी झाली.

आता माझा प्रश्न. २२ जूनच्या त्या संध्याकाळी दामोदरपंत आणि बाळकृष्णपंत घराबाहेर पडले तेव्हा घरी काय सांगून गेले असतील?

काही नाही. काही सांगणे शक्यच नव्हते. ‘येतो’ म्हणाले असतील, जसे रोज म्हणत. कट करणाऱ्याला निरोप घेता येत नाही, श्रोतेहो. आईला सांगितले तर आई कटात आली. बायकोला सांगितले तर उद्या फौजदार तिला विचारणार. घरच्यांवर माया असेल तर त्यांना अंधारात ठेवणे, एवढीच माया दाखवता येते. दारातून बाहेर पडताना मागे वळून पाहणेसुद्धा धोक्याचे. उएहाराला पुलावरून तीन हाका मारता आल्या, यांना एकही मारता आली नाही.

आणि मग उलटे काय झाले ते पाहा. पकडले गेल्यावर दामोदरपंतांनी कोठडीत आत्मवृत्त लिहिले. लपवण्यासारखे आता काही उरले नव्हते, म्हणून त्यांनी सगळे लिहिले. बालपण, आजोबांचे वैभव आणि त्याचा ऱ्हास, काशीयात्रेतले हाल, व्यायाम करणाऱ्या मुलांचे मंडळ, पलटणीत भरती व्हायला केलेली धडपड, मुंबईत राणीच्या पुतळ्याला फासलेले डांबर, आणि गणेशखिंडीचा रस्ता. जपानी मुलांना निरोप घेऊ दिला, खरे बोलू दिले नाही. दामोदरपंतांना खरे बोलता आले, निरोप घेता आला नाही. सरकार एक असो की दुसरे, घरच्यांना या दोहोंतले एकच मिळते.

हे आत्मवृत्त वाचले कोणी? ज्यांना आपण ‘घरचे’ म्हणतो त्यांनी नव्हे. ते वाचले पोलिसांनी. त्याचे इंग्रजी भाषांतर झाले आणि ते सरकारी दप्तरात गेले. मराठीत ते आपल्या हाती नीट आले १९७४ मध्ये, वि. गो. खोबरेकरांनी प्रसिद्ध केले तेव्हा. म्हणजे फाशीनंतर ७६ वर्षांनी. तोपर्यंत त्या घरातल्या ज्यांना ते वाचायचे होते त्यांच्यापैकी कोण उरले असणार?

थोडा अप्रिय भाग सांगतो, आणि तो या गावात सांगायला मला संकोच वाटतो, पण सांगतो. त्या आत्मवृत्तातला दामोदर आपल्या चौकातल्या पुतळ्यासारखा नाही. तो कडवट आहे. इंग्रजांवर त्याचा राग आहेच, पण सुधारकांवर काही कमी नाही. ज्यांना आपण आज आदराने महाराष्ट्राचे शिल्पकार म्हणतो, त्यांच्या बाजूच्या लोकांवर हात उगारल्याचे तो अभिमानाने सांगतो. परधर्मीयांबद्दल जे लिहितो ते आज या व्यासपीठावरून वाचून दाखवण्यासारखे नाही. अनेक वक्ते ही पाने गाळतात. मी म्हणतो, गाळू नका. त्याने तपासनीसाच्या भीतीने काही गाळले नाही. मग आपण आता त्याचे तपासनीस का व्हावे?

पण तिघांपैकी माझा जीव खरा अडकतो तो वासुदेवात. सर्वांत धाकटा. वय जेमतेम १८-१९. थोरल्या भावाला फाशी झाली. मधला बाळकृष्ण निजामाच्या मुलखात परागंदा, मग तोही पकडला गेला. घरी म्हातारे आईवडील आणि सुना. त्या घरात एकच मुलगा उरलेला, आणि त्याला पोलीस चौकीवर हजेरी लावावी लागे. आता कोणीही शहाणा माणूस त्याला काय सांगेल? अरे, दोघे गेले, तू तरी राहा. शेजाऱ्यांनी हेच सांगितले असेल, नातेवाइकांनीही. ८ फेब्रुवारी १८९९ च्या रात्री वासुदेव आणि त्याचा साथीदार महादेव रानडे हे द्रविडांच्या घरापाशी गेले, साहेबांनी बोलावले आहे असे सांगून दोघा भावांना बाहेर बोलावले आणि गोळ्या घातल्या.

त्या रात्री वासुदेव घरातून निघाला तेव्हा आईने विचारले असेल ना, कुठे चाललास? कोणती आई विचारणार नाही, दोन मुलांची ती दशा झाल्यावर? कोर्टाला पिस्तूल कुठून आले हे हवे होते, पोशाख कोणता होता हे हवे होते, साथीला कोण होते हे हवे होते. दारात काय बोलणे झाले, हे विचारण्याचे कोर्टाला कारणच नव्हते.

पुढचे दिवस असे आहेत: ८ मे १८९९ वासुदेव. १० मे रानडे. १२ मे बाळकृष्ण. एक दिवस आड. कोणत्या कारकुनाने हे वेळापत्रक आखले असेल? बाहेर वाट पाहणाऱ्या घरच्यांना मधला एकेक दिवस काय वाटला असेल? सांगतात की फाशीच्या खांबाकडे जाताना वासुदेव बाळकृष्णाच्या कोठडीपाशी थबकला आणि ‘मी पुढे होतो’ अशा अर्थाचे काहीतरी बोलला. ही कथा अक्षरशः तशीच घडली की सांगता सांगता घडत गेली, यावर वाद घालायची मला इच्छा नाही. पण खरी असेल तर साऱ्या चापेकर कुळात नीट घेतलेला निरोप हा एवढाच, आणि तोही तुरुंगाच्या बोळात, भावाने भावाचा, लाकडी दारातून.

कोणी म्हणेल, आणि सभागृहात एकदोन भुवया मघापासून वर गेलेल्या मला दिसत आहेत, की तुम्ही चापेकरांना आत्मघातकी जपान्यांच्या रांगेत नेऊन बसवता? नाही. फरक मोठा आहे. उएहाराला सरकारने पाठवले. चापेकर सरकारच्या विरुद्ध उठले. जपानी तुकड्यांत कित्येकदा ‘स्वेच्छेने’ असे लिहिलेला कागद पुढे येई, आणि सगळ्या वर्गासमोर ‘इच्छा नाही’ असे लिहिण्याची छाती कोणाची होणार? दामोदरपंतांना कोणी कागद दिला नव्हता. ते घरी बसले असते तर त्यांना कोणी भित्रा म्हटले नसते, कोणाला कळलेही नसते. या अर्थाने त्यांचे जाणे जास्त त्यांचे स्वतःचे होते. आणि म्हणूनच जबाबदारीही जास्त त्यांची. आयर्स्टचा प्लेगच्या झडत्यांशी काय संबंध होता? आणि द्रविड? द्रविडांनी बक्षिसासाठी तोंड उघडले, हे खरे. पण एका रात्रीत त्या घरातलेही दोन भाऊ गेले. तिथेही कोणी काही सांगून गेले नव्हते. ते तर ‘साहेबांनी बोलावलेय, जाऊन येतो’ म्हणून उठले होते. त्यांच्या नावाचा चौक असावा असे मी म्हणत नाही. पण पुण्यात त्या वर्षी रडणाऱ्या घरांची मोजदाद करायची झाली तर त्या घराला वगळता येणार नाही.

चाकणच्या पुढे खेडचा वाडा आहे, भीमेच्या काठी. शिवराम हरी राजगुरूंचा. वडील लहानपणीच गेले, मुलगा घरातून निघाला तो काशीला, आणि पुढे चळवळीत. लाहोरला २४ मार्च १९३१ ची सकाळ ठरली होती. सरकारने ती वेळ अलीकडे ओढली आणि २३ च्या संध्याकाळीच भगतसिंग, सुखदेव, राजगुरू यांना फाशी दिली. प्रेतेही घरच्यांच्या हाती दिली नाहीत. रातोरात सतलजच्या काठी नेऊन जाळली. निरोपाला सरकार किती घाबरते, हे बघायचे असेल तर ती एक संध्याकाळ पुरे आहे. जिवंत माणसाची भीती समजते. मेलेल्या मुलाच्या आणि त्याच्या आईच्या मध्ये यायची काय गरज पडावी? पण पडली. कारण त्या भेटीत काय बोलले जाईल यावर कोणत्याही अधिकाऱ्याचा शिक्का नसतो.

आता मला आईकडे यायचे आहे.

युद्धकाळातल्या जपानमध्ये मुलाला निरोप देताना आईने रडायचे नसे. स्टेशनवर पांढरे एप्रन घातलेल्या महिला मंडळाच्या बायका झेंडे हलवायला येत, आणि रडणारी आई सगळ्यांच्या डोळ्यांत भरे. वर्तमानपत्रे वीरमातांचे फोटो छापत, त्यात त्या हसत असत. आणि आपल्याकडे? भगिनी निवेदिता चापेकरांच्या आईचे सांत्वन करायला गेल्या ती गोष्ट तुम्ही सगळ्यांनी ऐकली आहे. निवेदितांना वाटले होते आई कोसळली असेल. पाहतात तो आई शांत. उलट तिनेच पाहुणीला धीर दिला. आमच्या शाळेत ही गोष्ट सांगताना गुरुजींचा आवाज भरून यायचा आणि आम्हा मुलांचे रक्त सळसळायचे.

आज मी त्या गोष्टीकडे पाहतो तेव्हा मला वाटते, त्या माउलीला दुसरे काही करता आले असते का? दारात परक्या प्रांतातून आलेली थोर पाहुणी. भोवती आळीतली माणसे. उद्या ही भेट कुठेतरी छापून येणार. तिच्यासमोरही तपासनीस बसलेलाच होता. फक्त तो इंग्रज सरकारचा नव्हता, आपला होता. आपण तिच्याकडून जे उत्तर मागत होतो ते तिने दिले. रात्री पाहुणे गेल्यावर, कंदील बारीक केल्यावर, ती काय बोलली? सुनांशी काय बोलली? त्या सुनांची नावे तुमच्यापैकी किती जणांना सांगता येतील? हात वर करू नका, मला अंदाज आहे. चौकाला नाव आहे, पुलाला नाव आहे, २०१८ मध्ये दामोदरपंतांचे टपाल तिकीट निघाले. जयू आणि नचिकेत पटवर्धनांनी १९७९ मध्ये ‘२२ जून १८९७’ हा सुंदर चित्रपट केला. त्या घरात उरलेल्या बायकांनी पुढची सगळी वर्षे कशी काढली, कोणी त्यांच्याशी सोयरीक ठेवली आणि कोणी दार लावून घेतले, हे मात्र आपल्या व्याख्यानांत येत नाही. माझ्याही येत नव्हते.

होताकाच्या उएहारा घराचे एक बरे झाले. त्या धाकट्या बहिणी पुढे म्हाताऱ्या होईपर्यंत बोलत राहिल्या. भाऊ कसा होता, काय म्हणाला, कशावर चिडायचा, यासुकुनीबद्दल काय बोलला. त्यांच्याकडे माणसे गेली, बसली, लिहून घेतले. त्यामुळे आज आपल्याकडे त्या मुलाचे टिपणही आहे आणि त्या पुलावरची हाकही आहे. टिपण वार्ताहराने जपले. हाक बहिणींनी जपली. आपल्याकडे आत्मवृत्त आहे, तेही पोलिसांनी जपले म्हणून. केवढा उलटा न्याय! ज्यांनी फास दिला त्यांनी कागद सांभाळले, आणि ज्यांनी जयजयकार केला त्यांनी विचारायचे ते विचारले नाही.

चापेकरांच्या वाड्यात स्मारक उभे आहे, तिथे येणाऱ्या मुलांना पिस्तूल कुठे लपवले होते ते पाहायचे असते. मुलांचे ते वयच आहे. पण कार्यकर्त्यांना माझी एक विनंती आहे. या पंचक्रोशीत अजून अशी घरे असतील जिथे पणजीने सांगितलेले काही ऐकलेली माणसे आहेत. प्लेगच्या वेळी माळावर झोपड्या बांधून राहिलेल्या आजीच्या गोष्टी, झडतीच्या गोष्टी, चापेकरांच्या घरी कोण दळण टाकून जायचे त्याच्या गोष्टी. त्या खऱ्या-खोट्या तपासण्याचे काम पुढचे. आधी त्या लिहून तर घ्या. कारखान्यात बिघाड झाला की आपण ‘व्हाय-व्हाय’ करून मुळापर्यंत जातो ना? इथेही जायला हरकत नाही, आणि यात एनसी, म्हणजे त्रुटी, निघाली म्हणून कोणाचा इन्क्रिमेंट थांबणार नाही.

अध्यक्षांनी मघाशीच घड्याळाकडे पाहिले आहे, तेव्हा माझे बोलणे इथे थांबवतो आणि प्रश्न घेतो. चिठ्ठ्या आल्या आहेत. पहिली मागच्या रांगेतल्या कोणा मुलीची दिसते. तिने विचारले आहे, ‘चापेकरांचे आई-वडील, भाऊ तरी आठवतात. मधल्या १० मेला गेलेल्या रानड्यांच्या घरचे कोण होते?’ बाई, चांगला प्रश्न विचारलात. तिथूनच सुरू करू.